पाट्याचं काम झालं आणि पिकअप थरथरायला लागली: क्रॉस बदलण्याआधी काय तपासायचं

नारायणगाव पट्ट्यात पिकअपच्या पाट्यांची (मागच्या कमानीत थप्पीने बसवलेल्या पोलादी पट्ट्यांची) दोन कामं बारमाही चालतात. टोमॅटो-कांदा वाहणारा पाटा वाढवून घेतो. अंडी किंवा द्राक्षं वाहणारा पाटा काढून गाडी मऊ करून घेतो. पहिल्याची गाडी मागून दोन-अडीच इंच वर जाते, दुसऱ्याची तेवढीच खाली बसते. काही दिवसांनी दोघंही एकच तक्रार घेऊन येतात: "मिस्त्री, गाडी थरथरायला लागली." तोवर बहुतेकांनी शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) एक-दोन क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, बदललेले असतात. खर्च झालेला असतो आणि थरथर जागच्या जागी असते. हे काम मी इतक्या वेळा केलंय की आता गाडी आत आली की आधी पाना नाही, कोन मोजायचं साधन काढतो.

आधी लक्षणं. तुमच्या गाडीचं यात बसतंय का, ते बघा.

थरथर ४५-५० च्या वेगाला सुरू होते, ६० च्या आसपास जोरात असते आणि सीटखाली, गिअरच्या दांड्यात, आतल्या आरशात जाणवते. स्टिअरिंग मात्र शांत असतं. दुसरा प्रकार सुटतानाचा: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माल भरलेला, समोर चढ, आणि क्लच सोडला की मागून धडधड येते. गाडीने २०-२५ चा वेग पकडला की ती बंद. काही गाड्यांना दोन्ही असतं. सोबत गिअर टाकताना 'टक्' असा आवाज किंवा हळू चालताना चिमणीसारखी चीची येत असेल, तर क्रॉस कोरडा पडलाय किंवा झिजलाय.

आता एक गोष्ट नीट आठवून बघा: थरथर रिकाम्या गाडीला जास्त आहे की भरलेल्या? पाटा वाढवलेली गाडी सहसा रिकामी असताना थरथरते आणि माल पडला की गप्प होते. पाटा काढलेली गाडी उलट वागते, ती भरल्यावर किंवा सुटताना त्रास देते. मालाने थरथर बदलत असेल तर दोष बहुतेक कोनात आहे, म्हणजे शाफ्ट क्रॉसपाशी किती वाकून फिरतो त्यात. माल असो वा नसो, ती तशीच राहत असेल तर बॅलन्स, वाकलेला शाफ्ट किंवा चाकं बघावी लागतात. या एका प्रश्नाच्या उत्तरावर माझा निम्मा शोध संपतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरी फुकटची परीक्षा रस्त्यावर. सपाट, मोकळा रस्ता बघा. ५५ ला चौथ्या गिअरमध्ये चालवा, मग त्याच वेगाला पाचवा टाका. इंजिनचे फेरे उतरले तरी थरथर तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे: शाफ्ट, हौसिंग (मागच्या एक्सलची पेटी), चाकं. गिअर बदलल्यावर ती बदलली, तर इंजिनची फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं) आणि क्लचकडे बघा, पुढचं वाचून उपयोग नाही. ही परीक्षा उतारावर करू नका आणि चालत्या गाडीत इंजिन कधीही बंद करू नका. ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते.

चाकाची थरथर आणि शाफ्टची थरथर हातालाही वेगळी लागते. पिकअपचं साधारण सात फूट घेराचं चाक ६० च्या वेगाला सेकंदाला सात-आठ फेरे घेतं. क्राउन-पिनियनचा (हौसिंगमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचा) रेशो ४.१ धरला तर शाफ्ट त्याच वेळी तीसएक फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष हेलकाव्यासारखा, मोजता येईल असा जाणवतो. शाफ्टचा दोष गुणगुणल्यासारखा असतो, आणि कोनाचा दोष त्याहून बारीक, कारण तो एका फेऱ्यात दोनदा धक्का देतो.

हे 'दोनदा' का, ते समजून घेतलं तर पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते आपोआप कळेल. क्रॉस सरळ रेषेत फिरला तर पुढचं-मागचं एकसारखं फिरतं. तो कोनात फिरला की मागचा भाग एका फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ३ अंशांच्या कोनाला हा फरक हजारी दीडएवढाच असतो, १० अंशांना तो शेकडा दीड होतो. मागचा दुसरा क्रॉस हा चढउतार उलटा करून खोडतो, पण दोन अटींवर. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका ओळीत हवेत. कंपनी हे हिशेबाने बसवून देते. आपण कमानीला हात लावतो तेव्हा या हिशेबालाही हात लागतो, आणि तो परत जुळवून देणं कुणाच्या कामात धरलेलंच नसतं.

गाडीखाली शिरण्याआधी: पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे, गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, चावी स्वतःच्या खिशात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, हौसिंगखाली घोडी (स्टँड) लावल्याशिवाय अजिबात नाही.

सुरुवात धुण्यापासून करा. शेतातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलेला असतो, तेवढ्यानेही चाक हेलकावतं. शाफ्टवरही बघा. क्रेट बांधायची सुतळी किंवा प्लॅस्टिकची दोरी शाफ्टला गुंडाळली जाऊन क्रॉसजवळ गोळा झालेली मला कितीतरी वेळा सापडली आहे. ती काढली आणि गाडी ठीक झाली, एवढंच काम. शाफ्टवर ठिगळासारख्या लोखंडी चकत्या चिकटवलेल्या असतात, त्या बॅलन्सच्या. एखाद्या जागी चौकोनी स्वच्छ डाग दिसला आणि चकती नसेल, तर ती उडाली आहे. टायरची हवा, फुगा आणि चाकाचे नट बघून पुढे चला.

पुढची तपासणी यू बोल्टची (कमान हौसिंगला आवळून धरणारे बोल्ट), आणि इथे थोडं थांबतो, कारण पाटा काढलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त घोटाळा मला इथेच सापडतो.

पाटा काढला की थप्पीची जाडी कमी होते. यू बोल्ट मात्र जुनेच लावले जातात. बोल्टवर आटे ठरावीक उंचीपर्यंतच कापलेले असतात. नट फिरत फिरत वर जातो आणि आटे संपतात तिथे अडकतो. पान्याला तो गच्च लागतो, जोर लावला तरी हलत नाही, आणि करणाऱ्याला वाटतं काम पक्कं झालं. पण नट प्लेटवर दाबलेला नसतो, तो आट्यांच्या शेवटाला अडलेला असतो. आत पाटे सैलच. गाडी सुटताना हौसिंग पाट्यांवर डोलतं, पिनियनचं नाक (हौसिंगचं शाफ्टकडचं तोंड) वर उचलतं आणि धडधड सुरू होते. ओळखायची खूण सोपी: नटाच्या वर, प्लेटला लागून, आटे शिल्लक दिसले पाहिजेत. तिथे गुळगुळीत दांडी नटाला भिडलेली दिसली तर बोल्ट लांब आहे. वायसर भरून वेळ मारून नेऊ नका. मापाचे नवे यू बोल्ट घ्या, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला फुलीच्या क्रमाने ओढा. पाट्यांचं काम झाल्यावर २०० किलोमीटरनंतर एकदा आणि ५०० नंतर परत ते ओढावेच लागतात, कारण पाटे एकमेकांवर बसतात आणि ताण उतरतो.

तिथेच असताना सेंटर बोल्टही बघा. त्याचं डोकं हौसिंगच्या भोकात बसलेलं असतं, तेच हौसिंगला जागेवर धरतं. तो तुटला तर एक बाजू मागे सरकते. पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून (टोकाच्या गोल भोकापासून) हौसिंगच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा. फरक दिसला तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी ते सरळ करा. शॅकलचे (कमानीच्या टोकाच्या हलत्या कडीचे) बुश अंडाकृती झाले असतील तर तेही बदलून घ्या.

आता क्रॉस. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला (म्हणूनच चाकांना ठोकळे), शाफ्ट थंड. एका हाताने फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडला जातो ती तबकडी) धरा आणि दुसऱ्याने शाफ्ट वर-खाली, मग उलटसुलट पिळून बघा. क्रॉसमध्ये जाणवण्याइतकी ढिलाई नकोच. क्रॉसच्या टोकांवरच्या कॅपभोवती लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया (बारीक रोलर) गंजून गेल्या आहेत, हातात ढिलाई लागो न लागो, तो क्रॉस गेला. शाफ्ट खोलला असेल तर क्रॉस बोटांनी चारही बाजूंना फिरवा. मध्यावर तो खटकन एका खाचेत बसल्यासारखा वाटला तर सुयांनी आत रेघा पाडल्या आहेत. ग्रीस देताना नवं ग्रीस चारही कॅपांतून बाहेर येईपर्यंत द्या. तीनच बाजूंनी आलं तर चौथी कोरडी आहे आणि तोच क्रॉस दोन महिन्यांत मरणार.

लांब पिकअपला दोन तुकड्यांचा शाफ्ट असतो, मधे सेंटर बेअरिंग. त्याच्या रबराला चिरा गेल्या असतील किंवा शाफ्ट हाताने उचलल्यावर तो रबरात लोंबत असेल, तर बेअरिंग बदला. पण त्याच्या पट्टीखाली चकत्या असतील तर त्या किती आणि कुठल्या बाजूला होत्या ते लिहून ठेवा. त्या चकत्या उंची जुळवायला घातलेल्या असतात. पट्टी साफ करताना त्या काढून टाकल्या गेल्या म्हणून आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

शाफ्ट कधी सुटा केला असेल तर योकची ओळ तपासा. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका सपाटीत दिसायला हवेत. सरकणाऱ्या जोडावर बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर हव्यात. एक दात जरी चुकला तरी दुसरा क्रॉस पहिल्याचा चढउतार पुरता खोडू शकत नाही. खुणा पुसल्या असतील तर खोलण्याआधी पांढऱ्या रंगाची रेघ दोन्ही तुकड्यांवर ओढा, फ्लँजवरसुद्धा.

इथवर सगळं ठीक निघालं, तर कोन मोजायचे. यासाठी चुंबकाचा डिजिटल अँगल गेज सगळ्यात सोयीचा. मोबाइलमधल्या ॲपनेही अंदाज येतो, फक्त मोबाइल सरळ पट्टीवर ठेवून मोजा. सगळ्यात मोठी चूक इथे होते: गाडी जॅकवर उचलून, हौसिंग लोंबकळत असताना कोन घेतले जातात. त्या मापांना काही अर्थ नाही. गाडी चारही चाकांवर, सपाटीवर, एक-दोनदा पुढे-मागे ढकलून कमान बसवलेली हवी. खड्ड्यावर किंवा रॅम्पवर उभी करता आली तर उत्तम.

दोन तुकड्यांच्या शाफ्टला चार उतार लिहून घ्या: गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा, पुढच्या शाफ्टचा, मागच्या शाफ्टचा आणि पिनियनचा. पहिला क्रॉस गिअरबॉक्सपाशी, मधला दोन शाफ्टांच्या मधे, मागचा पिनियनपाशी. फ्लँजचं तोंड उभं असतं, त्यामुळे तिथलं माप ९० अंशांपासून धरा. सगळे उतार मागच्या बाजूला असतील तर शेजारच्या दोघांची वजाबाकी म्हणजे त्या क्रॉसचा कोन. एखादा उतार उलट दिशेचा असेल तर बेरीज करा.

हवं काय? पहिल्या क्रॉसचा कोन अर्धा ते दीड अंश, कारण त्याला खोडणारा जोडीदार नाही. मधल्या आणि मागच्या क्रॉसचे कोन एकमेकांशी एका अंशाच्या आत जुळलेले, आणि शक्यतो प्रत्येकी ३ अंशांच्या आत. अगदी शून्यही नको. क्रॉस किंचित कोनात फिरला तरच सुया जागा बदलतात, नाहीतर त्या एकाच जागी ठोकून खड्डा पाडतात.

माझ्याकडे आलेली अंड्यांची एक पिकअप सांगतो. मालकाने एक पाटा काढला होता. थरथर आल्यावर दुसऱ्या एका गॅरेजात पाट्याखाली पाचर घालून दिली, मग दोन क्रॉस बदलले. ड्रायव्हरदादा म्हणाले, "मिस्त्री, हा तिसरा क्रॉस टाकायचा का?" आधी कोन घेतले. गिअरबॉक्स ३ अंश, पुढचा शाफ्ट ३.५, मागचा शाफ्ट २.५, पिनियन ५.५, सगळे मागे उतरते. म्हणजे पहिला क्रॉस अर्धा अंश, मधला १, मागचा ३. मधला आणि मागचा यांत २ अंशांचा फरक. त्यात सुटताना पिनियन आणखी उचललं की तो फरक वाढणार. पाचर २ अंशांची होती आणि तिची जाड बाजू मागे होती, त्यामुळे पिनियनचं नाक वर गेलं होतं. पाचर काढली, नवे यू बोल्ट मापाचे लावले. पिनियन ३.५ वर आलं, मागचा क्रॉस १ अंशावर, मधल्याच्या बरोबरीला. क्रॉस एकही बदलला नाही. दादांनी आळेफाट्यापर्यंत जाऊन येताना कपातला चहा डॅशबोर्डवर ठेवला होता, तो परत आल्यावर मला दाखवला, एक थेंब सांडला नव्हता.

पाचरेची दिशा म्हणून लक्षात ठेवा: कमान हौसिंगच्या वर बसलेली असेल तर जाड बाजू पुढे केली की पिनियनचं नाक खाली जातं, जाड बाजू मागे केली की वर. कमान हौसिंगच्या खाली असेल तर सगळं उलटं. पाचर पोलादाची घ्या, सेंटर बोल्टने धरलेली. ॲल्युमिनियमच्या पाचरी मालवाहू गाडीत चेपतात.

पाटा वाढवलेल्या गाडीत बाब वेगळी. तिथे मधला आणि मागचा कोन बहुधा सारखेच असतात, पण दोन्ही वाढून पाच-सहा अंशांवर गेलेले असतात. खोडाखोड होते, तरी मागचा शाफ्ट स्वतः पुढेमागे धावत राहतो आणि सेंटर बेअरिंगला हलवतो. पाचर घालून हे सुटत नाही. सेंटर बेअरिंग चकत्या घालून थोडं खाली घेता येतं: ते १२ मिलिमीटर खाली आलं की ११०० मिलिमीटरचा मागचा शाफ्ट साधारण ०.६ अंश सपाट होतो. पण तेवढ्यानेच ८०० मिलिमीटरचा पुढचा शाफ्ट ०.८-०.९ अंशाने जास्त उतरतो आणि पहिल्या क्रॉसचा कोन वाढतो, म्हणून मोजत मोजत जा, दीड अंशापुढे नको. त्याने भागलं नाही तर वाढवलेला पाटा काढा. मी गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगतो. पाटा वाढवला म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही, आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांनाच लागू आहे. ब्रेक, टायर आणि हौसिंग जुन्याच वजनाचे आहेत.

आता कुठे थांबायचं ते. शाफ्टच्या नळीला पोचा असेल, वेल्डिंगला चीर असेल, कॅप योकच्या भोकात सैल बसत असेल किंवा सरकणाऱ्या जोडाच्या दातांत ढिलाई असेल, तर शाफ्ट काढून बॅलन्सिंगच्या मशीनवाल्याकडे न्या. घरी शाफ्टला वेल्डिंग करू नका. नळी एका बाजूला तापून वाकते आणि मग ती डोळ्यांना सरळच दिसते. कमानीच्या पाट्यालाही वेल्डिंग किंवा नवं भोक नको, तो तिथूनच तुटतो. पिनियनच्या फ्लँजला हाताने ढिलाई लागली किंवा वेग सोडल्यावर हौसिंगमधून घोंगावणारा आवाज आला, तर ते काम क्राउन-पिनियन बसवणाऱ्याचं आहे, त्याला डायल गेज लागतो. गिअरबॉक्सच्या मागून तेल गळत असेल आणि योक वर-खाली हलत असेल तर आतला बुश गेलाय, तेही गॅरेजातच.

आणि कॅपभोवती लाल भुकटी, जोरात 'टक्' आणि वाढत जाणारी थरथर हे तिन्ही एकत्र आलं, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंतही आणू नका, टोइंग मागवा. मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट मागे घासत येतो. पुढचा तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यात रुतू शकतं, आणि माल भरून माळशेज उतरताना हे झालं तर ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. क्रेट दुसऱ्या गाडीत भरा, बाजार एक दिवस उशिरा होऊ दे.